सायकल कुणाच्या मापाची?



आज सायकलीविषयी बोलायचं ठरवलं आहे. हल्ली दुकानात जाऊन नुसतं "सायकल दाखवा" म्हटलं, तर दुकानदार पुढे करतो ती जाड टायरची, सरळ हँडलची, गिअरवाली सायकल. तिला माउंटन बाइक म्हणतात, म्हणजे डोंगरवाटेची सायकल. आपली मुलं तिला सरळ 'गिअरची सायकल' म्हणतात. ही सायकल आपल्या रोजच्या कामाला चालेल का, आणि चालणार असेल तर तिच्यातली नेमकी कोणती घ्यावी, हे आज समजून घेऊ.

हा विषय आमच्यापुढे आला तो गटाच्या बैठकीतून. अलीकडे अंतर्गत कर्जाच्या मागणीत सायकल हे कारण वरचेवर येऊ लागलं आहे. आपल्या काशीदपासून मुरूड वीसेक किलोमीटर, अलिबाग तीसेक. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे लांबच्या गावाला जाणं पूर्वीपेक्षा परवडतं. खरी अडचण आहे ती मधल्या दोन-चार किलोमीटरची. वाडीत शिंपणं करायला जायचं, पर्यटकांच्या खोल्यांवर स्वयंपाकाला जायचं, मासळीची पाटी घेऊन वस्त्या फिरायच्या, आशाताईंनी घरोघर भेटी द्यायच्या. तिथे एसटी जात नाही आणि रोज रिक्षा परवडत नाही. डोक्यावर ओझं घेऊन चालावं, तर दिवस चालण्यातच जातो. सायकल हवी ती याच अंतरासाठी.

पण कर्जाच्या नोंदी पाहताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताई भरते, आणि सायकल चालवतो मुलगा. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दुकानात ताईबरोबर मुलगाच गेलेला असतो, पसंती त्याची असते. सायकल घरी येते ती उंच दांड्याची, उंच सीटची, मागे कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. साडी नेसून त्या दांड्यावरून पाय टाकता येत नाही. डबा किंवा पाटी ठेवायला जागा नाही. दोन दिवस ताई प्रयत्न करते, मग "राहू दे, तूच ने" म्हणते. मुलाला सायकल मिळाली याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण कर्ज ज्या कामासाठी काढलं ते काम पायीच चालू राहतं. म्हणून आज जे काही सांगणार आहोत, त्याचं सार एका वाक्यात आधीच सांगून ठेवतो: सायकल ज्याच्या मापाची, त्याचीच ती होते.

आता ही डोंगरवाटेची सायकल आली कुठून, ते थोडक्यात पाहू. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातल्या तमालपाइस डोंगराजवळ काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली कच्च्या वाटेवरून खाली सोडायचे. १९७६ मध्ये त्यांनी तिथे शर्यती सुरू केल्या. उतार असा होता की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', म्हणून शर्यतीचं नावही 'रीपॅक' पडलं. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास सांगाडा बनवला आणि १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' नावाची सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली.

हे सांगायचं कारण असं, की सुरुवातीच्या या सायकलींना शॉकअप नव्हते. ते नंतर आले. मूळ सायकलीत तीनच गोष्टी वेगळ्या होत्या: रुंद टायर, पक्के ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. या तिन्ही गोष्टी आपल्या रस्त्याला उपयोगाच्या आहेत. काशीदहून बोर्लीकडे जा किंवा नांदगावकडे जा, रस्ता समुद्र सोडून चढतो, वळतो आणि पुन्हा उतरतो. पावसाळ्यात खड्डे पडतात. मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळलं की लाल माती, दगड आणि किनाऱ्याजवळ वाळू. अशा ठिकाणी अगदी बारीक टायरची सायकल त्रास देते. म्हणजे डोंगरवाटेच्या सायकलीतले गुण आपल्याला हवेत, फक्त तिचा सगळा थाट नको.

दुकानात या सायकली साधारण चार तऱ्हेच्या दिसतात.

पहिली, शॉकअप नसलेली. पुढचा फोर्क सरळ, साधा. ही हलकी असते, हिच्यात बिघडायला कमी असतं, आणि कॅरिअर व मडगार्ड नीट बसतात.

दुसरी, फक्त पुढे शॉकअप असलेली. सगळ्यात जास्त खपते ती ही. खड्ड्यांत हातांना धक्का कमी बसतो, हे खरं. पण कमी किमतीच्या सायकलीतला शॉकअप म्हणजे आत एक स्प्रिंग असते. चढावर उभं राहून पायडल मारलं की आपला जोर त्या स्प्रिंगला दाबण्यात जातो. काही शॉकअपना वर एक खटका असतो, तो फिरवला की शॉकअप बंद होतो. शॉकअपचीच घ्यायची असेल, तर असा खटका आहे का ते विचारा.

तिसरी, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, म्हणजे डबल शॉकअपची. दिसायला मोटारसायकलीसारखी. रोजच्या कामासाठी ही घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. ती जड असते, प्रत्येक पायडलला मागून हेलकावते, आणि मुख्य म्हणजे तिचा मागचा भाग हलता असल्यामुळे साधं मजबूत कॅरिअर तिला नीट बसत नाही. ज्या सायकलीवर ओझं नेता येत नाही, ती आपल्या कामाची नाही.

चौथी, फॅट बाइक. टायर जवळजवळ चार इंच रुंद. वाळूत चालते म्हणून किनाऱ्यावर ती मिरवते. पण डांबरी रस्त्यावर ती ओढायला जड जाते. तिची ट्यूब आणि टायर प्रत्येक सायकलवाल्याकडे मिळतील असंही नाही. आणि आपल्याला रोज वाळूतून जायचं नाही, वाळूच्या कडेने जायचं आहे.

म्हणून निवड करायची ती पहिल्या दोन तऱ्हांतून. त्यातही पहिली मिळाली तर उत्तम.

आता सांगाड्याकडे येऊ. सीटपासून हँडलपर्यंत जो दांडा असतो, तो आडवा आणि उंच असला तर सायकल मजबूत होते, पण साडी, गाऊन किंवा परकर असताना पाय वरून टाकावा लागतो. मागे पाटी बांधलेली असेल तर तेही जमत नाही. ज्या सायकलीचा दांडा खाली झुकलेला असतो, तिच्यात पाय मधून टाकता येतो. जाड टायरच्या आणि गिअरच्या सायकलीतही असा खाली झुकलेला दांडा मिळतो. दुकानदाराला "लेडीज एमटीबी" म्हणून विचारा. पण गुलाबी रंग दिला म्हणजे सायकल बायकांची झाली असं नाही. दांडा बघा.

मापाची परीक्षा दुकानातच करायची. सायकल दोन पायांच्या मध्ये घेऊन दांड्यावर उभ्या राहा. दांडा आडवा असेल तर अंग आणि दांडा यांच्यात निदान दोन इंच जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा, आणि पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला की सीटची उंची बरोबर. प्रत्यक्ष चालवताना पायाचा पुढचा चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली ठेवून चालवलं तर गुडघे दुखतात, आणि मग "मला सायकल सोसत नाही" असं आपण म्हणतो. नव्याने शिकणाऱ्या ताईने मात्र सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तोल जमला की हळूहळू वर घ्यावी.

हँडलही पाहा. डोंगरवाटेच्या सायकलीचं हँडल सरळ, रुंद आणि पुढे असतं, त्यामुळे कंबरेत वाकावं लागतं आणि मनगटांवर भार येतो. पाठ ताठ राहील असं वर उचललेलं, किंचित मागे वळलेलं हँडल रोजच्यासाठी बरं. ते सायकलवाला बदलूनही देतो. ब्रेकच्या मुठी धरून पाहा. आपली बोटं लहान असतील तर मूठ लांब पडते. बऱ्याच मुठींना आत घ्यायचा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून द्यायला सांगा. बोटं पोचली नाहीत तर चांगला ब्रेकही वेळेवर लागत नाही.

आता चाक. टायरच्या कडेवर आकडे लिहिलेले असतात. २६, २७.५ किंवा २९ हे चाकाचं इंचातलं माप. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, पण सायकल उंच होते. आपल्यातल्या बहुतेक जणींची उंची पाच फुटांच्या आसपास. आपल्याला २६ चं चाक सोयीचं. शिवाय त्याची ट्यूब जवळपास कुठेही मिळते, आणि पंक्चर काही आपल्या सोयीची जागा बघून होत नाही. त्याच्या पुढचा आकडा टायरच्या रुंदीचा. पावणेदोन ते दोन इंच रुंदी आपल्या रस्त्याला पुरते. टायरवरचे उंच उंच दाणे चिखलासाठी असतात. डांबरावर ते घूं-घूं आवाज करतात आणि सायकल ओढून धरतात. मधोमध सलग पट्टी आणि कडांना बारीक दाणे असलेला टायर घ्या. त्याच कडेवर हवा किती भरायची तेही छापलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. ओझं असेल तर वरच्या आकड्याजवळ भरा. कमी हवेची सायकल चालवणं म्हणजे ब्रेक अर्धा दाबून चालवण्यासारखं आहे.

गिअरची भीती बाळगू नका. दुकानदार "एकवीस गिअर" म्हणतो ते कसे? पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साते एकवीस. रोज लागतात त्यातले पाच-सहा. लक्षात ठेवायला सोपं: पुढची चकती लहान आणि मागची मोठी, की पायडल हलकं, चढासाठी. पुढची मोठी आणि मागची लहान, की पायडल जड, पण वेग जास्त, सपाटीसाठी. पुढे मधली चकती ठेवायची आणि मागचे गिअर तेवढे बदलायचे, एवढ्यावर आपला बराचसा रस्ता निघतो. गिअर बदलताना पायडल फिरतं ठेवायचं, पण जोर द्यायचा नाही. म्हणून चढ लागायच्या आधीच बदलायचा, चढावर अडकल्यावर नाही. जिचं काम सपाटीवरच्या एका वाडीपुरतं आहे, तिला गिअरशिवायची सायकलही पुरेल. तिचा खर्च आणि दुरुस्ती दोन्ही कमी.

ब्रेक दोन प्रकारचे. एकात रबरी गुटके चाकाच्या रिमला दाबतात. हे स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारे. पण पावसात रिम ओली झाली की ते उशिरा धरतात, आणि वाळू अडकली की रिम खरवडतात. दुसरा डिस्क ब्रेक, चाकाच्या मध्याजवळ पातळ लोखंडी चकती असते ती दाबणारा. पावसात आणि उतारावर हा जास्त भरवशाचा. रोज उतारावरून ओझं घेऊन येणारीने तारेवर चालणारा डिस्क ब्रेक घ्यायला हरकत नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या: त्या चकतीला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि सायकल आडवी टाकून चकती वाकवायची नाही. पण आधी आपल्या जवळच्या सायकलवाल्याला विचारा, "हा ब्रेक तू नीट करशील का?" तो नाही म्हणाला तर रबरी गुटक्यांचा घ्या.

आता वरचं सामान. डोंगरवाटेची सायकल बरेचदा उघडीच विकली जाते. कॅरिअर, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर, साडीगार्ड, स्टँड, घंटी, कुलूप, पुढे-मागे दिवे आणि चमकपट्ट्या. ही यादी चिठ्ठीवर लिहून न्या आणि यासकट किंमत विचारा. सायकल स्वस्त वाटते आणि हे सामान वेगळं घेताना खर्च वाढतो. सांगाड्याला मागच्या चाकाजवळ कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, तेही पाहा. ओझं कॅरिअरवर उंच रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि सारखं वाटून ठेवा, म्हणजे वळणावर सायकल ढळत नाही. मागे मूल बसवणार असाल तर पाय ठेवायला पट्टी आणि चाकाला जाळी लावल्याशिवाय बसवू नका. मुलाचा पाय तारांमध्ये अडकला तर जखम फार वाईट होते. शनिवार-रविवारी आपल्या रस्त्यावर बाहेरच्या गाड्यांची किती गर्दी असते ते आपण जाणतोच. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा ही चैन समजू नका.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. किनाऱ्यावर लोखंड वर्षभरात तांबूस होतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि रिम असेल तर गंज कमी धरतो, पण किंमत चढते. निदान रिम तरी तशी घ्या. लोखंडी सांगाडा असेल तर रंगाचा टवका उडाला की लगेच रंग लावा. वाळूतून आलात तर गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, आणि चेनला सायकलीचं तेल थेंब थेंब सोडून वरचं पुसून काढा. पावसाळ्यात हे आठवड्याला एकदा करा. खोबरेल तेल चेनला नको, ते चिकटतं आणि माती धरतं. सायकल पागोळ्यांखाली उभी करू नका.

पैशाचा हिशोबही मांडून पाहू. समजा सामानासकट सायकल ९,००० रुपयांना पडली. गटातून दरमहा शेकडा १ रुपया व्याजाने कर्ज घेतलं आणि १० महिन्यांत ९०० रुपये मुद्दल दरमहा फेडलं. व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे पहिल्या महिन्यात ९० रुपये, शेवटच्या महिन्यात ९. एकूण व्याज ४९५ रुपये. आता याच्या शेजारी लिहा, की आज तुमचे रिक्षाचे महिन्याला किती जातात, आणि चालण्यातला वेळ वाचला तर त्यात किती काम होईल. हा हिशोब प्रत्येकीचा वेगळा येईल. ज्या ताईचं काम घराजवळच आहे, तिला कदाचित सायकलीची गरजच नसेल, आणि तेही बैठकीत मोकळेपणी बोलावं. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्कं बिल घ्या, बिलावर आपलं स्वतःचं नाव आणि सायकलीचा सांगाड्यावरचा नंबर लिहून घ्या.

"या वयात सायकल?" असं कुणी म्हणालं तर त्यांना तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ उभी राहिली. शीला राणी चुंकत या तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती उचलून धरली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काही जणींना तर त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मुलाला बसवता यायचं. पाहा, तिथे उंच दांडा सोयीचा ठरला, आपल्याकडे खाली झुकलेला सोयीचा ठरेल. दांडा कुठला हे महत्त्वाचं नाही. त्या बायकांनी आपल्या कामाकडे बघून निवड केली, हे महत्त्वाचं.

म्हणून दुकानात जाताना आपल्याबरोबर गटातल्या दोघी-तिघींना न्या. मुलालाही न्या, त्याला गिअरचं कळतं. पण सीटवर तुम्ही बसा. रोजच्या कपड्यांत जा. जमलं तर रिकामी पाटी किंवा पिशवी बरोबर न्या आणि ती कॅरिअरवर ठेवून, सायकल हातात धरून चार पावलं चालून पाहा. चढता-उतरता येतं का, ब्रेकला बोटं पोचतात का, ओझ्यासकट सायकल पेलते का, या तीन प्रश्नांना "हो" आलं तरच पैसे द्या. रंग, नाव आणि गिअरचा आकडा हे सगळं त्यानंतर.

पुढच्या बैठकीत ज्यांना सायकलीसाठी कर्ज हवं आहे त्यांनी अर्जात कामाचं अंतर, रस्ता आणि रोजचं ओझं या तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गटातल्या ज्या जणींना सायकल येते त्यांनी नव्या जणींना शिकवायची तयारी ठेवावी. सकाळी लवकर, गाड्या सुरू व्हायच्या आधी, मोकळं मैदान पुष्कळ आहे. भेटू या. नमस्कार.